अरीफ बोलेपर्यंत

२० सप्टेंबर

ही वही हिलालने दिली. हिलाल म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, शहरात वीजखात्यात इंजिनियर आहे. मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझी कटकट ऐकायचं काम त्याच्याकडे. काल फोनवर म्हणाला, "काका, जे जे खटकतं ते वहीत लिहीत जा. मन मोकळं होईल." म्हणजे माझं मन मोकळं आणि याचे कान मोकळे. तेवढं कळतं मला.

तर घ्या. पहिली तक्रार वहीचीच. रेघा इतक्या फिकट छापल्यात की शोधाव्या लागतात. शाई वाचवतात मेले.

दुसरी तक्रार दिव्यांची. खोऱ्याच्या तोंडाशी नवं विश्रामगृह झालंय, त्याच्या गच्चीवर झोतदिवे लावलेत. रात्रभर जळतात. कुणाला काय दाखवायचंय अल्ला जाणे, तिथे खडकांशिवाय काही नाही. प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. असले भिकार दिवे मी जन्मात पाहिले नव्हते. झुवैनाला म्हटलं, "बघ, कडी कशी पडलीत." माझी बायको अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मला नुसते दिवे दिसतायत, खलफान." तिचं कधी नीट लक्षच नसतं.

हिलाल ही वही कधीतरी वाचेलच, तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो, कारण शिकायच्या वयात तो तारे सोडून विजेच्या तारा ओढायला गेला. आमच्या हैल सिद्र गावात रात्रीचं पाणी ताऱ्यांवर वाटलं जातं. डोंगराच्या पोटातून येणारा पाट एक, फलज म्हणतात त्याला, आणि बागा सगळ्यांच्या. दिवसा काठीच्या सावलीवर पाळ्या चालतात. रात्री समोरच्या डोंगराच्या मधल्या सुळक्यावर ठरलेला तारा आला, की एकाने आपल्या बागेचं पाण्याचं दार बुजवायचं आणि दुसऱ्याने उघडायचं. तारा आला हे सांगतो तो अरीफ. आजोबा अरीफ होते, वडील होते, आता मी. हौदाजवळच्या कट्ट्यावर बसायचं आणि पुकारायचं. तिथे नियम एकच. अरीफ बोलेपर्यंत कुणी ताऱ्याचं नाव काढायचं नाही, बोट दाखवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पूर्वी जो तो आपापला तारा लवकर उगवून घ्यायचा आणि काठ्या चालायच्या. एकदा एकाचं डोकं फुटलं, तेव्हापासून हा नियम. आजवर कुणी मोडला नाही.

आणि म्हणूनच गावात बाहेर दिवा लावायचा नाही. घरात वीज आहे, पंखे आहेत, फ्रीज आहेत. पण अंगणात, गल्लीत, गच्चीवर काळोख. गाड्यासुद्धा वेशीवरच्या बोरीखाली थांबतात आणि माणसं पायी आत येतात. एवढं सगळं आम्ही पाळायचं आणि त्या विश्रामगृहाने आमच्या तोंडावर दिवे मारायचे.

२३ सप्टेंबर

काल रात्री नबहान आणि शम्साची पाळी होती. दर आठ दिवसांनी येते. बाकीच्या रात्री मोठ्या बागांच्या, त्यांचे तारे ठळक. या रात्री मात्र आधी नबहान. सुरय्याचा, म्हणजे कृत्तिकांचा, झुबका सुळक्यावर आला की त्याचं बंद आणि शम्साचं सुरू. मग मागून दबरानचा तांबडा तारा आला की शम्साचंही बंद, पुढे मशिदीची बाग. शम्सा विधवा आहे. चार खजुरी आणि लिंबांचा एक तुकडा, बस्स. लिंबं वाळवून विकते, सगळं पोट त्यावर.

सुरय्या फार उशिरा आली. त्या उजेडाने डोंगराची कडच पुसून टाकली होती. मी टक लावून बसलो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मध्येच शम्सा खोकली. थोड्या वेळाने परत खोकली. तिसऱ्यांदा खोकली तेव्हा मी म्हटलं, "सर्दी झाली असेल तर घरी जाऊन काढा घे, मुली. कट्टा म्हणजे दवाखाना नाही." नबहान हसला. ती गप्प बसली. बऱ्याच वेळाने मला सुरय्या दिसली आणि मी पुकारलं. शम्साने फावडं उचललं आणि निघून गेली. तिला पाणी कमी मिळालं असणार, मला काय कळत नाही? पण मी काय करू? दिवे मी लावलेत?

घरी आलो तर झुवैना गच्चीवर. "किती दिसल्या?" तिने विचारलं. हे आमचं लग्नापासूनचं भांडण. सुरय्यात मला सहा तारका दिसतात, तिला सात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात याच गच्चीवर मी म्हटलं सहा, ती म्हणाली सात, आणि वर मला आंधळा म्हणाली. नवी नवरी! मी जाऊन आईला सांगितलं होतं. आईसुद्धा हसली.

आजही म्हणालो, "सहा. अरीफ मी आहे."

"सात. अरीफ असशील तिकडे कट्ट्यावर."

पण नेहमीसारखी ती हसली नाही. जिना उतरताना तिने माझा हात धरला. म्हटलं, पडशील म्हणून धरलास का? तर म्हणे, हो.

२९ सप्टेंबर

सब्ल्यात, म्हणजे गावाच्या चावडीत, बैठक झाली. वीजखातं गल्लीत खांब रोवणार आहे. आणि ते सांगायला कोण आला? आमचाच हिलाल. नकाशा पसरून बसला. कॉफीचा पहिला पेला मला दिला म्हणजे म्हातारा विरघळेल असं त्याला वाटलं असावं. पेला घेता घेता त्याच्या नकाशावर सांडला. मुद्दाम नाही. त्याने तो बाजूने पुढे केला, समोरून द्यायची रीत राहिली नाही आता. पण सगळे हसले आणि मला बरं वाटलं.

हिलाल म्हणाला, "काका, पोरं पहाटे शाळेच्या गाडीला जातात. परवाच एकाला विंचू चावला. म्हाताऱ्या बायका पडतात."

"आमच्या म्हाताऱ्या बायका अंधारात तुझ्यापेक्षा सरळ चालतात."

"आणि म्हातारे?" तो म्हणाला.

मला तो सूर आवडला नाही. माझ्या नडगीवरची पट्टी त्याने पाहिली होती. बकरी आडवी आली होती, त्याला मी काय करणार? आजकाल या गावात सगळंच बाजूने येऊन आपटतं.

मग नबहान उभा राहिला, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. म्हणाला, "पाणी ताऱ्यांवरच राहिलं पाहिजे! शेख खलफानांचा शब्द म्हणजे शब्द. ते म्हणतील तेव्हा तारा उगवला. खांब नकोत आणि घड्याळही नको." गेल्या वर्षापर्यंत हाच नबहान घड्याळ लावा, घड्याळ लावा म्हणून माझं डोकं खायचा. माणूस सुधारतो तो असा.

आणि सुधारत नाही ती शम्सा. दाराशी बायकांत उभी होती. म्हणाली, "खांबाचं मला काही नाही. अंधार असू दे. पण माझी पाळी घड्याळावर द्या."

"का?" मी विचारलं.

"तारे उशिरा यायला लागलेत, खलफानबाबा." जमिनीकडे बघून बोलत होती. "घड्याळ उशीर करत नाही."

मी भडकलो. हिचा नवरा गेला तेव्हा हिच्या वाट्याला कुणी हात लावू नये म्हणून मी गावाशी भांडलो होतो. म्हटलं, "तारे उशिरा येत नाहीत! दिवे त्यांना येऊ देत नाहीत. ते दिवे विझव, मग बघ तुझा तारा कसा वेळेवर येतो!" ती गेली. सब्ल्यात कुणी कुणाकडे बघेना. मला वाटतं सगळ्यांना तिची लाज वाटली.

७ ऑक्टोबर

झुवैना म्हणते शम्साच्या लिंबांची पानं गुंडाळलीत, फळं पिवळी न होताच गळतायत.

"कीड असेल."

"पाणी कमी पडतंय."

"पाणी मी देतो. किती पडतं ते मला माहीत आहे."

यावर ती उठून गेली. संध्याकाळी परसात रिकाम्या बादलीवर आदळलो. घरातल्या बादल्या हल्ली जागेवर नसतात. झुवैना उशिरा आली, ओचा गुडघ्यापर्यंत ओला. "कुठे होतीस?" "शम्साकडे." "दोन दोन बादल्या घेऊन?" म्हणाली, "धुणं होतं." या वयात दुसऱ्याचं धुणं! बरं, करू दे. मन रमतं तिचं.

१३ ऑक्टोबर

हिलाल मला विश्रामगृहाच्या मालकाकडे घेऊन गेला. दिवे घालवण्यासाठी वीजखात्याचा माणूस बरोबर न्यावा लागतो, काय दिवस आलेत. मालक मस्कतचा, तरुण, अदबशीर. हलवा दिला, तीनदा कॉफी दिली. मी म्हटलं, "बाबा रे, तुझे पाहुणे इथे कशाला येतात?" म्हणाला, "शांततेसाठी." "मग डोळ्यांना पण शांतता दे की!" त्याला हसू आलं. एक रात्र सगळे दिवे बंद ठेवून बघू म्हणाला.

तिथेच हिलालने सगळं ठरवलं. एक नोव्हेंबरला, अमावास्येच्या रात्री, विश्रामगृह आणि गाव पूर्ण काळं. नबहान आणि शम्साचीच पाळी त्या दिवशी. अंधारात अरीफने ताऱ्यांवर पाळी चोख दिली, तर तो तसा अहवाल देईल, खांब कायमचे रद्द, आणि मालक दिव्यांना वरून झाकणं घालील. नाही तर खांब. मी म्हटलं, लिही. आत्ता लिही. आजोबांचे तारे आहेत ते, परीक्षेला घाबरतात की काय!

परत येताना गाडीचं दार उघडायला गेलो, हात भलतीकडेच पडला. हिलालने पुढे होऊन ते उघडलं. मग म्हणाला, "काका, निझव्याला डोळ्यांचे एक चांगले डॉक्टर आहेत."

"कुणाच्या डोळ्यांचे?"

"सहज म्हटलं."

"सहज म्हणत जाऊ नकोस." घर येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

२१ ऑक्टोबर

गावाकडे बघून ऊर भरून येतो. बायकांनी खिडक्यांना काळं कापड शिवलं. मशिदीच्या दारावरचा दिवा इमामसाहेबांनी स्वतः उतरवला. लोक भेटतात, हात हातात घेतात, म्हणतात, "काळजी करू नका, सगळं नीट होईल." मी कशाला काळजी करू? पण फार मायेने म्हणतात. नबहानची बायको तर रडवेली झाली होती.

नबहानची केळी यंदा अशी माजलीत की बघत राहावं. मेहनती आहे.

२५ ऑक्टोबर

काल पाळी होती. शम्सा आली, बसली, खोकली नाही.

दबरान दिसला. सुरय्या नीट दिसली नाही. अंदाजाने पुकारलं.

अंदाजाने. हा शब्द माझ्या वडिलांनी ऐकला असता तर कट्ट्यावरून खाली ढकललं असतं मला.

आज दुपारी, झुवैना झोपली असताना, एक डोळा झाकून अंगणात उभा राहिलो. मग दुसरा झाकून. काय दिसलं ते लिहीत नाही. ऊन फार होतं.

दिवे आहेत म्हणून होतं हे सगळं. एक तारखेला दिवे नसतील.

१ नोव्हेंबर, खरं तर उजाडत आलंय

झोप येणार नाही. लिहितो.

इशाची, रात्रीची, नमाज झाली आणि सगळं गाव कट्ट्याभोवती जमलं. बायका, पोरं, विश्रामगृहाचा मालकसुद्धा. मालकाने फोन केला आणि खोऱ्याच्या तोंडाशी दिवे गेले. एकदम. माझ्या डोळ्यांसमोरची ती रंगीत कडी गेली आणि मी म्हटलं, अल्लाची कृपा.

सगळीकडून आवाज आला. श्वास आत घेतल्याचा. पोरं "या अल्ला, या अल्ला" करायला लागली. कुणी बाई हुंदका देऊन हसली. मी वर पाहिलं. वर काळं होतं. मधोमध दोन-चार ठिपके, बाकी काळं. मला वाटलं ढग आलेत. विचारणारच होतो की या दिवसांत ढग कुठून आले. तेवढ्यात शेजारी हिलाल पुटपुटला, "इतके असतात?"  तेव्हा मला समजलं की ढग नाहीत.

बसून राहिलो.  समोर सुळका कुठे आहे तेही फक्त सवयीने माहीत होतं. माणसं हळूहळू गप्प झाली, नियमाप्रमाणे. नबहानच्या बागेत पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी शम्साच्या खोकल्याची वाट पाहत होतो. हे इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? तिला मी घरी जाऊन काढा घे म्हटलं होतं, आणि आता माझे कान तिच्या खोकल्याला टेकले होते. ती खोकली नाही.

किती वेळ गेला कळत नाही. मग काळ्यात एक ठिपका हलला. तांबूस होता की नव्हता, मी विचार केला नाही. मला हवा होता तो. उभा राहिलो आणि आजोबांच्या आवाजात पुकारलं, "सुरय्या आली! नबहान बंद, शम्सा सुरू!"

कुणी हललं नाही. पाणी नबहानकडेच पडत राहिलं. फावडं दगडाला टेकवल्याचा आवाज आला.

"खलफानबाबा," शम्सा म्हणाली, "तो दबरान आहे."

कट्ट्यावर असं कुणी कधी बोललं नव्हतं. मला वाटलं आता काठ्या निघतील. 

"सुरय्या केव्हाच वर गेली. माझी पाळी आली आणि संपली."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलो.

"अरीफ बोलले नव्हते."

हिलालने माझं मनगट धरलं. कानात म्हणाला, "काका, सुरय्याच होती म्हणा. इथे कुणी तुमच्याविरुद्ध जाणार नाही. मी आत्ता सही करतो. खांब येणार नाहीत, कधीच येणार नाहीत. मी आज जे बघितलं ना काका... म्हणा फक्त." माझा पुतण्या, वीजखात्याचा इंजिनियर, मला अंधारासाठी खोटं बोलायला सांगत होता. आयुष्यभर मी त्याला ताऱ्यांकडे बघायला सांगत आलो, आणि आज त्याने बघितलं.

आणि खरंच कुणी विरुद्ध गेलं नसतं. एक शब्द, की हैल सिद्र काळं राहिलं असतं. माझ्या जिभेवर तो आला होता. पण ती लिंबं. झुवैनाचा ओला ओचा. त्या बादल्या कशाच्या होत्या ते मला तिथे, त्या क्षणी, कट्ट्यावर कळलं. इतके दिवस माझी म्हातारी बायको दुसऱ्याच्या झाडांना माझ्या वाटचं पाणी घालत होती.

म्हटलं, "दबरानच आहे. पोरगी खरं बोलते. मला दिसलं नाही."

मग विचारलं, "सुरय्या आज कुणीकुणी पाहिली?"

हिलाल म्हणाला, "सगळ्यांनी, काका."

"आणि दर वेळी?"

 नबहान घसा खाकरून म्हणाला, मी दार बुजवून येतो. आता मशिदीच्या बागेची पाळी होती.

२ नोव्हेंबर

सगळ्यांना ठाऊक होतं. इमामला, पोरांना, नबहानच्या बायकोला. मला आदर दिला म्हणे! एका बाईची बाग जळत होती आणि हे आदर देत बसले. माझ्यासारख्याचा आदर पाटात बुडवा. आणि नबहान, तो तर उजळ माथ्याने उठून मला शेख शेख करत होता आणि केळी पिकवत होता. आणि मी रडलो होतो त्याचं भाषण ऐकून.

झुवैनाला म्हटलं, "तू तरी सांगायचंस."

"रोज विचारत होते ना, किती दिसल्या म्हणून," ती म्हणाली. "तू सहा म्हणायचास. मला वाटायचं, सहा म्हणतोय तोवर बरं आहे."

७ नोव्हेंबर

निझवा. काचबिंदू. बाजूची नजर गेली आहे, अंधारातली गेली आहे. समोरची थोडी आहे, ती थेंब घालून टिकवायची. गेलेलं परत येत नाही. डॉक्टर बाई पोरसवदा होती. विचारलं, "दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत होती का?" म्हटलं, हो, पण दिवेच तसले आहेत. तिने नुसतं लिहून घेतलं.

वहीच्या रेघाही बहुतेक ठीकच असतील.

८ नोव्हेंबर

शेवटची बैठक. मी आधीच उठून बोललो. म्हटलं, "डोळे माझे गेलेत, तारे जागेवर आहेत. दुसरा अरीफ नेमा. शम्साला नेमा. तिला सुरय्या माझ्याआधी दिसते हे गावाने पाहिलंय." काही जण हसले. वाईट नाही हसले, पण हसले. बाई, आणि कट्ट्यावर!

नबहान म्हणाला, "शेख, राग मानू नका. माणसाचा डोळा आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा जाणार. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यात वेळ असते. आणि पाणी घड्याळावर गेलं, तर मग खांबांना अडवायचं कशासाठी? पोरांना विंचू चावतात." आता त्याला घड्याळ चालतं. आणि मी काय बोलणार होतो? प्रत्येक शब्द बरोबर होता मेल्याचा. शम्साला घड्याळाने पूर्ण पाणी मिळेल. मी देऊ शकलो नाही.

हिलाल म्हणाला दिव्यांना टोप्या बसवता येतील, उजेड खालीच राहील. खर्च जास्त आहे, बघतो म्हणाला. मान खाली घालून म्हणाला.

बाहेर शम्सा थांबली होती. "खलफानबाबा, मी फक्त पाणी मागितलं होतं. अंधार नको असं मी कधी म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे मला, मुली."

"मग मी बोलायला नको होतं का?"

म्हटलं, "आधी बोलायला हवं होतंस. आणि मी तुला काढा घे म्हणायला नको होतं." ती तोंडाला पदर लावून रडली. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, तो जरा बाजूला पडला. तिने डोकं हाताखाली आणलं.

५ डिसेंबर

काल खांब पेटले. टोप्या आल्या नाहीत. एक खांब बरोबर आमच्या अंगणाच्या भिंतीला लागून आहे. पोरं गल्लीत चेंडू खेळत होती, बायका मोठमोठ्याने बोलत होत्या, लग्नघर वाटत होतं. शम्साच्या लिंबांना नवी पालवी आहे म्हणे. झुवैनाने एक पान आणून माझ्या हातात दिलं. मऊ होतं.

जेवण झाल्यावर म्हटलं, गच्चीवर जाऊ. ती म्हणाली, थंडी आहे. म्हटलं, चल. तिने हात धरून वर नेलं, सतरंजी टाकली. खांबाचा दिवा डोक्याशीच, गुणगुणत होता. मला तो दिसतो चांगला, त्याचं कडंही. बाकी काही नाही.

"सुरय्या आली असेल ना वर?" मी विचारलं.

तिने मान वर केली असणार. मग म्हणाली, "आली की. केव्हाच."

"नीट दिसते?"

"लख्ख."

"किती?"

बराच वेळ दिवा तेवढा गुणगुणत राहिला.

"सहा," झुवैना म्हणाली.

मी सतरंजीचं टोक तिच्या पायांवर ओढलं, आणि दोघं बसून राहिलो.